जुना ट्रॅक्टर घेताय? आधी हौसिंगवर हात फिरवा



दसरा तोंडावर आला की आमच्या गट ऑफिसांत दोनच विषय चालतात. एक, यंदा आपल्या फडाला टोळी कधी लागणार. आणि दुसरा, अमक्याने ट्रॅक्टर घेतला तो केवढ्याला पडला. हंगाम सुरू व्हायच्या आधी जुन्या ट्रॅक्टरची खरेदी-विक्री जोरात असते. वाहतुकीचा करार करायचा, दोन ट्रॉल्या ओढायच्या, जमल्यास घरची नांगरटही उरकायची, असा बेत मनात असतो. बेत चांगला आहे. पण या घाईत चार-पाच लाखांचा व्यवहार तासाभरात उरकला जातो, आणि मग डिसेंबरात फडातच हेड बसले की टोळी बसून, तोडलेला ऊस उन्हात, आणि वजनात घट कुणाच्या पदरात, हे आम्ही सांगायला नको. तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडला पाहिजे. एका बंद पडलेल्या हेडामागे दोन-तीन सभासदांच्या उसाची माती होते. म्हणून हा विषय नुसता घेणाऱ्याचा नाही, असे आम्हाला वाटते.

नवा ट्रॅक्टर सगळ्यांच्या आवाक्यातला नाही, हे कबूल. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे नव्याची किंमत थोडी खाली आली. जुना घेणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे. नवाच स्वस्त झाला म्हटल्यावर जुन्याचा भावही त्या मानाने उतरायला हवा. विकणारा मात्र "मी घेतला तेव्हा एवढ्याला होता" असा मागचा पाढा वाचतो. त्याचा पाढा त्याच्यापाशी. आपण आजच्या नव्याचा भाव कंपनीच्या दुकानात विचारून मगच बोलायला बसावे.

आपला शेतकरी बैल घ्यायला खरसुंडीच्या यात्रेला गेला तर काय करतो? दात बघतो, खूर बघतो, शेपटीपासून वशिंडापर्यंत हात फिरवतो, चालवून बघतो आणि जमलं तर जुंपूनही बघतो. त्याशिवाय दावं हातात घेत नाही. तोच माणूस ट्रॅक्टर घ्यायला गेला की नवा रंग बघतो, सेल्फ मारल्याबरोबर इंजिन चालू झालेलं बघतो, चहा घेतो आणि विसार देऊन येतो! बैलापेक्षा कितीतरी जास्त पैसे ज्यात घालायचे, त्याचे दात कोण बघणार?

दात बघायला माहितगार माणूस लागतो. आपल्या ओळखीचा, त्याच मेकचे काम करणारा मिस्त्री सोबत न्यावा. विकणाऱ्याचा मिस्त्री चालत नाही, दलालाने आणलेला तर मुळीच नाही. आणि मिस्त्रीला त्याच्या दिवसाची मजुरी द्यावी, सौदा होवो अथवा न होवो. फुकट नेलेला मिस्त्री चहापुरतं बघतो. शिवाय सौदा झाला तरच त्याला काही मिळणार असेल, तर त्याचे डोळे सौद्याच्या बाजूनेच बघणार. "गाडी घेऊ नको" असे सांगणाऱ्या मिस्त्रीला द्यायचे पैसे आम्ही वाया गेले असे धरत नाही.

आता ट्रॅक्टरपाशी जाऊ या. पहिला प्रश्न किमतीचा नाही. या हेडाने आजवर काय काम केले, हा पहिला प्रश्न. घरच्या वीस एकरांत नांगर, रोटावेटर आणि पेरणी करणारा ट्रॅक्टर वेगळा आणि पाच हंगाम दोन ट्रॉल्या ओढलेला वेगळा. एकाच सालचे, एकाच मॉडेलचे असले तरी दोघांचे वय सारखे नसते. विकणारा सांगतो, "घरचाच आहे, उसाला कधी लावलाच नाही." तोंडावर विश्वास न ठेवता मागचा टोचन हुक बघा. पिनीचे भोक लांबट झाले असेल, पट्टी झिजून चकाकत असेल किंवा वेल्डिंग करून भरली असेल, तर त्या हेडाने काय ओढले ते तो हुकच सांगतो. मागे पीटीओच्या शाफ्टवरचे दाते झिजून धारदार झाले असतील, तर रोटावेटर किंवा मळणी भरपूर झाली असे समजावे.

तास-मीटरची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण इथेच जास्त लोक फसतात. समजा, एका हंगामात वाहतुकीचे १२० दिवस धरले आणि दिवसाला १२ तास इंजिन चालले (यात वजनकाट्याच्या रांगेत इंजिन चालूच ठेवायची आपली खोडही धरली आहे), तर एका हंगामाचे १४४० तास झाले. पाच हंगामांचे ७२००. आणि मीटर दाखवतो २८००! तर मधले तास गेले कुठे? जुन्या पद्धतीचा मीटर केबलवर चालतो. केबल तुटली किंवा मुद्दाम काढून ठेवली की मीटर थांबतो, इंजिन थांबत नाही. शिवाय असा मीटर घड्याळासारखा तास मोजत नाही, इंजिनच्या फेऱ्यांवरून मोजतो. इंजिन मंद चालले तर तासाभरात मीटरवर तासापेक्षा कमी चढते. त्यामुळे मीटर हा एक साक्षीदार धरावा, न्यायाधीश नव्हे. क्लच-ब्रेकच्या पायपट्ट्या किती गुळगुळीत झाल्यात, स्टिअरिंगच्या चाकाला घाम लागून किती झिजलंय, सर्व्हिसच्या पुस्तकात शेवटची नोंद कोणत्या तासाला आहे, हे सगळे जुळते का ते बघा. पायपट्टीचे रबर कोरे करकरीत आणि पेडलचा दांडा झिजलेला, असे दिसले तर समजून घ्या.

मग डिझेल पंपाकडे वळा. पंपाला कंपनीचे सील असते. वाहतुकीत जास्त ओढ मिळावी म्हणून काही लोक सील तोडून पंप 'वाढवून' घेतात. चढाला हेड जोरात जाते खरे, पण काळा धूर, जास्त डिझेल आणि जादा तापलेले इंजिन ही त्याची किंमत. क्लच आणि गिअर बॉक्सवरही तो भार पडतो, कारण ते जितक्या ताकदीसाठी बनवले त्यापेक्षा जास्त ताकद त्यांच्यातून जाते. सील तुटलेले दिसले तर "का तोडले" एवढेच विचारा आणि उत्तर येईपर्यंत विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहा.

आता आमच्या वर्कशॉपमधले मिस्त्री ज्याला 'पोट बघणे' म्हणतात ते. ट्रकला लांब लोखंडी चासी असते आणि इंजिन, गिअर बॉक्स त्यावर बसवलेले असतात. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना तशी चासी नसते. पुढचा सपोर्ट, इंजिन, क्लच हौसिंग, गिअर बॉक्स आणि मागचा एक्सल हे बिडाचे भाग एकमेकांना बोल्टांनी जोडलेले असतात आणि तेच ट्रॅक्टरचे हाड असते. मागून भरलेल्या ट्रॉल्या उतारावर ढकलतात, चढावर ओढतात, खड्ड्यात हिसका देतात, तो सगळा ताण या बिडावर येतो. म्हणून बीड चिरते ते इथेच. एकदा चिरलेले बीड वेल्डिंगने भरता येते, घासून साफ करता येते आणि वर रंगाचा हात मारला की दिसत नाही. पण हाताला लागते. म्हणून कापडाला डिझेल लावून क्लच हौसिंग आणि गिअर बॉक्सचा जोड, तसेच पुढचा सपोर्ट स्वच्छ पुसा, बॅटरी घेऊन खाली शिरा आणि बोटे फिरवा. उंचवटा लागला, घासल्याची खूण दिसली, बोल्ट नवे-जुने मिसळलेले दिसले, तर तिथेच थांबा. सगळ्या ट्रॅक्टरला जुना रंग आणि फक्त हौसिंगला नवा, हे तर सरळच आहे.

आमच्या कार्यक्षेत्रातल्या एका सभासदाचे उदाहरण सांगतो. नाव घेत नाही, त्याची परवानगी नाही. सप्टेंबरात त्याने शेजारच्या जिल्ह्यातून एक हेड आणले. रंग टकाटक, टायर बरे, इंजिनचा आवाज गोड. दोन महिने ऊस चांगला ओढला. डिसेंबरात ओढ्याच्या चढाला दोन भरल्या ट्रॉल्यांसकट हौसिंग फाटले आणि ट्रॅक्टर मधूनच दुभंगला. मागच्या ट्रॉलीवर बसलेल्या दोघांनी उड्या मारल्या म्हणून निभावले. फाटलेल्या जागेत जुन्या वेल्डिंगची रेघ उघडी पडली होती, वर रंगाचे दोन थर. विकणारा म्हणाला, "मी घेतला तेव्हाच तसा होता, मला काय माहीत." त्याला माहीत नसेलही. घेणाऱ्याला मात्र बघता आले असते. त्या सभासदाचा उरलेला हंगाम गेला, बँकेचा हप्ता चालूच राहिला, आणि ज्यांचा ऊस त्याच्या भरवशावर तोडला होता त्यांच्याशी बोलाचाली झाली ती वेगळी.

इंजिन गरम असताना बघू नये. "सकाळीच एक खेप करून आलो" असे म्हणून विकणारा गरम इंजिन दाखवतो, आणि गरम इंजिन कसेही असले तरी सेल्फला चालू होते. आदल्या दिवशी निरोप द्या, की आम्ही सकाळी येतो, तोवर हेड चालू करू नका. गेल्या गेल्या ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर चहा घेऊन तास-दोन तास गप्पा मारा. थंड इंजिन चालू करताना धूर बघावा. चालू होताना थोडा धूर चालतो, गरम झाल्यावर थांबला पाहिजे. निळसर धूर येतच राहिला तर ऑइल जळते. पांढरा धूर हटेना तर नोझल खराब, कंप्रेशन कमी, नाहीतर पाणी आत जाते. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. तो एअर क्लीनर तुंबल्यानेही येतो, म्हणून एवढ्यावरून सौदा मोडू नये. इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण सैल करून बघा. थोडी वाफ येते, ते चालते. पण फुस्स-फुस्स करीत झाकण उडू लागले तर बोअर-पिस्टन झिजलेत. ऑइलच्या पट्टीवर ताकासारखे पांढुरके दिसले तर ऑइलमध्ये पाणी आहे. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन थंड असतानाच काढा. पाण्यावर तेलाचा तवंग आहे का आणि चालू केल्यावर बुडबुडे येत राहतात का, तेही बघा.

यानंतर ट्रॅक्टर चालवून बघायचा, आणि तो रिकामा नव्हे. मोकळे हेड गावातून एक चक्कर मारून आणले याला आम्ही तपासणी म्हणत नाही. भरलेली ट्रॉली लावा, ऊस नसेल तर मुरूम भरा, आणि चढाचा रस्ता निवडा. ओढ पडल्यावर गिअर आपोआप निसटतो का, गिअर बॉक्समधून करकर येते का, इंजिनचा आवाज वाढतो पण हेड पुढे सरकत नाही असे होते का, हे भरल्या गाडीशिवाय कळत नाही. क्लचची एक साधी परीक्षा आहे. सपाट मोकळ्या जागेत, पुढे-मागे कुणी नसताना, दोन्ही ब्रेक एकत्र दाबून धरा, वरचा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडले पाहिजे. बंद न पडता गुरगुरत राहिले तर प्लेट घसरते. ही परीक्षा एकदाच करायची, पुन्हा पुन्हा केली तर चांगली प्लेटही जळते.

ब्रेककडे आपल्याकडे कुणी बघत नाही, आणि आम्हाला त्याचीच जास्त काळजी वाटते. उसाच्या ट्रॉल्यांना बहुतेक वेळा स्वतःचे ब्रेक नसतात. दोन ट्रॉल्यांचे सगळे वजन उतारावर हेडाच्या दोन चाकांच्या ब्रेकांनी धरायचे असते. डावा-उजवा वेगळा दाबून बघा, मग पट्टी लावून एकत्र दाबा. हेड एका बाजूला ओढले तर ब्रेक सारखे नाहीत. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेल ओघळलेले दिसले तर एक्सलचे सील गेले, आणि कोरड्या ब्रेकच्या ट्रॅक्टरात ते तेल थेट ब्रेकपर्यंत पोचते. हे काम करून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये, मग सौदा कितीही फायद्याचा असो.

लिफ्टला रोटावेटर लावून उचला आणि इंजिन बंद करा. दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू थोडे उतरले तर चालते, बघता बघता जमिनीला टेकले तर लिफ्टचे काम निघाले. पुढचे चाक जॅकवर घेऊन हलवून बघा, किंगपिन-बुश-बेरिंग सगळे तिथे कळते. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे; २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली पण रबर जुने, असे टायर उन्हाने तडकतात. लाइट, बॅटरी, डायनामा यांत फार वेळ घालवू नका, ते दुरुस्त होते.

लोखंड बघून झाले, आता कागद. काही सभासद इथे कंटाळतात. सातबारावर कुणाचा बोजा आहे का हे आपण जमीन घेताना फेरफारापर्यंत बघतो. ट्रॅक्टरचेही तसेच बघायचे. आर.सी.वर बँकेचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याचे बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ वर तिची सही-शिक्का लागतो. "हप्ते तुम्हीच पुढे भरा, नावाचं नंतर बघू" हा व्यवहार करू नका. हप्ता थकला तर बँक ट्रॅक्टर नेते, आणि तेव्हा तुमचा स्टॅम्पवरचा कागद कुणी विचारीत नाही. एम-परिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची मुदत, विमा, बोजा यांची माहिती निघते. घरातल्या मुलाला सांगा, तो दोन मिनिटांत काढून देईल. इंजिन नंबर आणि चासी नंबर कागदावर पेन्सिल घासून ठसा घ्या आणि आर.सी.शी अक्षर-अक्षर ताडून बघा. बिडाचा भाग बदललेला असेल तर नंबर जुळत नाही. नोंदणी पंधरा वर्षांची असते, ती संपत आली असेल तर नूतनीकरणाचा खर्च किमतीतून वजा करा. ट्रॉल्यांची नोंद वेगळी असते, हेडासोबत 'दिल्या' म्हणून कागद होत नाहीत. सीमेपलीकडून, बेळगाव-विजापूर बाजूने हेड आणणार असाल तर तिकडच्या आर.टी.ओ.चे नमुना २८ चे ना-हरकत आधी हातात घ्या, पैसे मागून.

आणि आणखी एक चौकशी, जी आपल्या धंद्यातच लागते. हे हेड दुसऱ्या एखाद्या कारखान्याच्या वाहतूक करारात अडकले आहे काय? विकणाऱ्याने त्या नंबरावर उचल घेतली असेल आणि ती फिटली नसेल, तर तगादा तुमच्या दारात येईल.

ज्यांना आपला ट्रॅक्टर विकायचा आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. पैसे मिळाले म्हणजे सुटलो असे नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. नमुना २९ आणि ३० त्यासाठीच. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये एका प्रकरणात सांगितले, की अपघाताच्या वेळी नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक धरला जाईल आणि भरपाई त्याच्यावर येईल. त्या प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे गेली होती, पण आर.सी. पहिल्याच्याच नावावर राहिली होती. ट्रॅक्टर तुम्ही विकला, उसाची भरली ट्रॉली दुसऱ्याने रात्री दिव्याशिवाय रस्त्यात उभी केली, आणि नोटीस आली तुम्हाला, असे होऊ नये. घेणाऱ्याने विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. भाड्याने ऊस ओढायचा असेल तर तो वापर आणि ट्रॉल्या पॉलिसीत लिहिल्या आहेत का, हे वाचून घ्यावे. 'फक्त शेतीसाठी' असे लिहिलेल्या पॉलिसीवर रस्त्यातल्या अपघाताचा दावा अडकतो.

भाव ठरवताना मिस्त्रीने काढलेल्या कामांची यादी समोर ठेवा. क्लच प्लेट, दोन सील, पुढचे बुश, असा प्रत्येकाचा सुट्या भागाच्या दुकानातला भाव आणि मजुरी मांडा आणि तेवढे कमी करून मागा. मॉडेलबद्दल शंका असेल तर मध्य प्रदेशात बुदनी येथे १९५५ पासून केंद्र सरकारची ट्रॅक्टर संस्था आहे. तिथे कंपन्यांच्या मॉडेलांच्या चाचण्या होतात आणि अहवालात ताकद, डिझेलचा खप, लिफ्टची क्षमता लिहिलेली असते. दुकानदाराकडे आपल्या मॉडेलचा अहवाल मागावा. जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा तो बरा. विसार द्यायचाच असेल तर थोडा द्या आणि कागदावर लिहा की बोजा न उतरल्यास किंवा नंबर न जुळल्यास विसार परत.

हेड दारात आले की पूजा करा, नारळ फोडा. पण दुसऱ्याच दिवशी इंजिन, गिअर बॉक्स आणि लिफ्टचे ऑइल काढा, फिल्टर बदला. गिअर बॉक्सचे जुने ऑइल पसरट भांड्यात काढून त्यात लोहचुंबक फिरवा. काळी बारीक पूड चिकटली तर ती झीज, ती असतेच. चमकणारे तुकडे चिकटले तर मिस्त्रीला लगेच बोलवा, हंगाम सुरू होईतो थांबू नका. त्या दिवशीचा मीटरचा आकडा आणि तारीख टूलबॉक्सच्या झाकणाच्या आत रंगाने लिहून ठेवा, म्हणजे पुढचे ऑइल कधी बदलायचे ते ड्रायव्हरलाही कळेल.